जन्मताना रडला नाही तो मुलगा



आमच्या गोंदिया जिल्ह्यात एखादी आई बाळाला घेऊन माझ्या खोलीत आली, की तिचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "मॅडमजी, हा जन्मला तेव्हा रडला नाही." वय, वजन, गाव हे सगळं नंतर येतं. न रडणं आधी. खेड्यातल्या बायकांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, पण बाळानं पहिला श्वास घ्यायला वेळ लावला की मेंदूला काही तरी होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मात्र न रडलेलं प्रत्येक बाळ अधू होत नाही आणि ज्यांना पुढे सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात होतो, त्यातली कितीतरी बाळं जन्मताना छान रडलेली असतात. कुणी दिवस भरायच्या फार आधी आलेलं असतं, कुणाची कावीळ डोक्यापर्यंत चढलेली असते, कुणाला पहिल्या महिन्यात मेंदूज्वर झालेला असतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आज मला ज्या उपचाराबद्दल बोलायचं आहे, त्याचा आधार आहे प्रतिक्षिप्त क्रिया. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण हा शब्द वाचलेला असतो. गरम तव्याला हात लागला की हात आपोआप मागे येतो, हे उदाहरण तिथे हमखास असतं. पण त्याहून सुंदर उदाहरणं घरात आलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर असतात.

बाळाच्या तळहातात बोट ठेवा, ते घट्ट धरतं. गालाला पदर लागला, की त्या बाजूला तोंड वळवून दूध शोधतं. मान जरा मागे गेली किंवा भांडं पडल्याचा आवाज झाला, की दोन्ही हात फाकवतं आणि मग मिठी मारल्यासारखे जवळ घेतं. आपण म्हणतो, दचकलं. आजी म्हणते, नजर लागली, आणि मीठमोहरी ओवाळते. अर्न्स्ट मोरो नावाच्या जर्मनीतल्या बालरोगतज्ज्ञानं १९१८ साली या दचकण्याचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून जगभरचे डॉक्टर त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. चार ते सहा महिन्यांत हे दचकणं ओसरतं. मूठ उघडायला लागते. मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचा हात सरळ आणि दुसरा वाकलेला, अशी तलवारबाजासारखी एक ठेवण बाळ घेतं. तीही सहाव्या महिन्याच्या सुमाराला मावळते. मावळली नाही, तर बाळाला हातातलं खेळणं बघता बघता तोंडापर्यंत नेता येत नाही, कारण बघायला मान वळवली की हात सरळ होतो. जेवणाचा घास तोंडाकडे नेताना मान दुसरीकडे वळवणारी मुलं मी पाहिली आहेत. आई म्हणते, "खायचा कंटाळा करते." कंटाळा नसतो तो.

या क्रिया मावळतात म्हणजे नाहीशा होतात, असं मात्र नाही. मेंदूचे वरचे भाग तयार होत जातात, तसे ते खालच्यांना दाबून ठेवतात. तळपाय घासला की अंगठा वर उठतो, ही तान्ह्या बाळाची खूण. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ साली दाखवून दिलं, की मोठ्या माणसाच्या मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की हीच खूण दिसते. साठ वर्षांच्या माणसाच्या पायात साठ वर्षं ते तान्हं बाळ दबून बसलेलं असतं, असं मला हे शिकताना वाटलं होतं. अर्थात सगळं इतकं सरळ नाही. बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं आणि दोन महिन्यांत ते थांबतं, हेही मेंदूच्या वाढीमुळेच होतं असं सगळे मानत होते. १९८४ साली एस्थर थेलन या अमेरिकी संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांचे पाय पाण्यात बुडवून धरले, तर बाळं पुन्हा पावलं टाकायला लागली. पाय नुसते जड झाले होते! मेंदूच्या नावावर आपण किती गोष्टी खपवतो, याची आठवण म्हणून मी हे उदाहरण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना आवर्जून सांगते.

आता उपचाराकडे वळते. गेल्या शतकाच्या मध्याला युरोपात दोन वेगळ्या वाटा निघाल्या. एक बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्याची. हिटलरच्या काळात दोघंही पळून लंडनला आले. ती व्यायाम शिकवणारी, तो डॉक्टर. त्यांचं सुरुवातीचं म्हणणं असं, की या जुन्या प्रतिक्षिप्त ठेवणींना हातांनी अडवा, म्हणजे नीट हालचालीला वाट मिळेल. दुसरी वाट चेकोस्लोव्हाकियातल्या वाक्लाव वोयता या मज्जासंस्थेच्या डॉक्टरची. पन्नासच्या दशकात मोठ्या वयाच्या पाल्सी झालेल्या मुलांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की मुलाला ठरावीक स्थितीत झोपवून अंगावरच्या ठरावीक जागी दाब दिला, की रांगण्यासारख्या किंवा कुशीवर वळण्यासारख्या हालचाली आपोआप उमटतात. हे पुन्हा पुन्हा केल्यावर काही मुलांचं बोलणं आधी स्पष्ट झालं आणि मग उभं राहणं सुधारलं, असं त्यांनी नोंदवलं. १९६८ साली प्राग शहरात रशियन रणगाडे शिरले, त्यानंतर वोयता जर्मनीत गेले आणि तिथे त्यांनी ही पद्धत वाढवली. २००० साली ते वारले. एकाची भाषा दाबून टाका, दुसऱ्याची भाषा जागं करा. दोन्ही शिकलेला माणूस पहिली काही वर्षं गोंधळलेलाच असतो, मीही होते.

आपल्याकडे फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. तेव्हा मुख्य शत्रू पोलिओ होता. पाल्सीच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, त्यानंतर या मुलांचा विचार शाळा आणि उपचार असा एकत्र होऊ लागला. ते वारं गोंदियापर्यंत यायला फार वर्षं लागली. मी पदवी घेतली तेव्हा पुस्तकात वोयता यांना एक परिच्छेद होता. नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी, साठवलेले पैसे घालून, मी या पद्धतीच्या प्रशिक्षणाला गेले. तिथे पहिले दोन दिवस मुलं नव्हतीच. आम्ही एकमेकींवर सराव करत होतो. मला उताणं झोपवलं, मान जराशी वळवली आणि छातीखालच्या बरगड्यांमध्ये अंगठ्यानं हलका दाब दिला. दुखलं नाही. मिनिटभर काहीच झालं नाही, मला हसू यायला लागलं. मग श्वास खोल झाला, पोट आत ओढलं गेलं आणि माझे पाय गादीवरून उचलले जाऊ लागले. मी उचलत नव्हते. थांबवायचं म्हटलं तर थांबवता आले असते, पण माझ्या मनाविरुद्ध काही तरी चाललं आहे ही भावना विचित्र होती. डोळ्यांत पाणी आलं. बाळं का रडतात, ते त्या दिवशी थोडं कळलं.

कारण ती रडतात, श्रोतेहो. हा या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग आहे. तज्ज्ञ सांगतात, हे वेदनेचं रडणं नाही, जोर लावावा लागतो आणि नको असलेल्या स्थितीत राहावं लागतं त्याचं आहे. सोडलं की बाळ लगेच शांत होतं. ते बहुतेक वेळा खरं असतं. पण आईच्या कानाला हे समजावणार कसं? आणि उपचार करायचा तोही आईनंच. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाच ते वीस मिनिटं, महिनोन् महिने.

सालेकसा तालुक्यातला एक मुलगा सात महिन्यांचा असताना माझ्याकडे आला. २०१५ च्या पावसाळ्यातला जन्म. जन्मताना रडला नव्हता. मुठी आवळलेल्या, पाय कात्रीसारखे एकमेकांवर, मान धरलेली नाही. आई जेमतेम वीस-बावीसची. सालेकसाहून सकाळच्या गाडीनं आमगावमार्गे गोंदियाला यायची, दुपारच्या गाडीनं परत. मी तिला दोन स्थिती शिकवल्या. तिचा हात चांगला होता, लवकर शिकली. तिसऱ्या भेटीत तिनं मला विचारलं, "जन्मला तेव्हा रडला नाही म्हणून तुमच्याकडे आणला जी, आता तुम्हीच काहून रडवता?"

मी हसून उत्तर दिलं होतं. काय उत्तर दिलं ते आठवत नाही, इतकं ते तयार उत्तर होतं.

तीन-चार महिन्यांत मान बरीच स्थिरावली, एक मूठ उघडली. मी खूश झाले आणि तेव्हाच माझी चूक झाली. मी तिला म्हणाले, चार वेळा म्हणजे चार वेळा, एकही चुकवलंस तर सगळं मागे जाईल. मग जुलै आला. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. गावातली प्रत्येक बाई पहाटेपासून बांधीत वाकलेली असते आणि त्या दिवसांच्या मजुरीवर घराचा पुढचा हिशेब चालतो. ती तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा बाळ पुन्हा आखडलेलं होतं आणि मी तिला इतर आयांच्या समोर बोलले. "तुझ्याच लेकराचं नुकसान करतेस तू." ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

उपचार पद्धतीचा दोष कुठला आणि माझा कुठला, हे मी नंतर पुष्कळ दिवस मनात चाळत होते. आयोना नोवाक या ऑस्ट्रेलियातल्या संशोधिकेनं २०१३ साली आणि पुन्हा २०२० साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचे पुरावे एकत्र तपासले. पहिल्या वेळी तिनं सिग्नलच्या दिव्यांसारखे रंग दिले होते. बोबाथ आणि वोयता, दोघांनाही हिरवा दिवा मिळाला नाही. हिरवा कशाला मिळाला? मुलाला जे काम करायचं आहे त्याच कामाचा सराव, चांगला हात थोडा वेळ बांधून अधू हाताला कामाला लावणं, दोन्ही हातांचा एकत्र सराव, खुब्याच्या सांध्यावर वेळोवेळी नजर ठेवणं आणि नीट आखून दिलेला घरचा सराव. वाचून मी खट्टू झाले. ज्या शिक्षणावर पैसे घातले त्याला पिवळा दिवा! पण नंतर लक्षात आलं, की मी ज्या बाळांना बरं होताना पाहिलं, त्यांच्या आया दिवसभर आणखीही बरंच काही करत होत्या, फक्त मी ते मोजत नव्हते.

त्या मुलाची आजी मला पुन्हा भेटली ती दिवाळीनंतर. नातवाला कडेवर घेऊन स्वतःच आली होती. म्हणाली, "सुनेला बोलू नका जी. मले शिकवा." पंचावन्न-साठची बाई, गावात बाळंतिणीचं अंग रगडणारी, बाळांना तेल लावून न्हाऊ घालणारी. मी दाखवायच्या आधीच तिनं मला दाखवलं. बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन, उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, असे आडवेतिडवे हात लावत ती गुणगुणत होती आणि बाळाचे कात्री झालेले पाय सैल होत होते. यात विज्ञान किती आणि मायेचा हात किती ते मला वेगळं करता येणार नाही. काही न्हाऊ घालणाऱ्या बायका बाळाला पायाला धरून उलटं करतात किंवा मान ओढतात, ते अगदी करू नये. ही तसं करत नव्हती. तिला मी वोयता पद्धतीतली एकच स्थिती दिली, दिवसातून दोनदा. बाकी वेळ काय करायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. भाजी निवडताना त्याला पुढ्यात बसवायचं, वाटाण्याच्या शेंगा त्याच्या हातात द्यायच्या. रडायला लागला की थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुन्हा. माझ्या शिक्षकांना हे आवडलं नसतं.

तो दोन वर्षांचा व्हायच्या थोडा आधी आधाराशिवाय बसला. हे मी मुद्दाम सांगते, कारण दोन वर्षांच्या आत स्वतः बसणारी बरीचशी मुलं पुढे काही ना काही आधारानं चालतात, असा जगभरच्या डॉक्टरांचा अनुभव आहे.

मोठ्या माणसांबद्दलही थोडं बोलते. लकवा मारलेले रोगी आमच्याकडे पुष्कळ येतात. सिकलसेलचा आजार आमच्या भागात बराच आहे आणि त्यात कधी कधी लहान वयातही मेंदूची रक्तवाहिनी तुंबून एक बाजू जाते, म्हणून रोगी म्हाताराच असेल असं नाही. एका राईस मिलमध्ये पोती वाहणारा हमाल होता. उजवा हात लुळा. एके सकाळी घरचे धावत आले, "हात उचलला! जांभई देताना आपोआप वर गेला!" घरात नारळ फुटला होता. मला त्यांच्या आनंदावर पाणी ओतावं लागलं. जांभईबरोबर लुळा हात वर जाणं डॉक्टरांनी कितीदा पाहिलं आहे. ती जुन्या, दबलेल्या यंत्रणेची हालचाल असते, माणसाच्या इच्छेची नसते. पण पाणी सगळं ओतलं नाही, कारण स्नायू आणि त्याच्याकडे जाणारी तार शाबूत आहे, एवढं तरी ती जांभई सांगते. मी त्याला विचारलं, हातानं पहिलं काय करायचंय? तो म्हणाला, "खर्रा घोटायचाय." आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घेऊन घोटायला दोन्ही हात लागतात. उपचाराच्या दृष्टीनं याहून चांगला सराव शोधून सापडला नसता! मी अर्थातच नाही म्हटलं. लकव्याच्या माणसाला तंबाखू म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. शेवटी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधण्यावर तडजोड झाली. चार महिन्यांनी गाठ बांधू लागला. खर्रा सोडला का, ते त्यानं मला सांगितलं नाही.

आता शहरांतून 'रिफ्लेक्स' सुधारून अभ्यासात हुशारी आणणारे वर्ग निघाले आहेत, तेव्हा दोन शब्द. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर आयर्लंडमधल्या साठ मुलांचा अभ्यास आला होता. मान वळवण्याची ती जुनी ठेवण न मावळलेल्या आणि वाचनात मागे असलेल्या मुलांकडून वर्षभर ठरावीक हालचाली करून घेतल्या, तेव्हा त्यांचं वाचन सुधारलं. अभ्यास चांगला होता. पण साठ मुलांवरून स्वमग्नता बरी होते, बुद्धी वाढते, अशी पाटी लावणं मला पटत नाही. फी भरण्याआधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या.

ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी एवढं बघावं. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मूठ सतत बंदच राहते, वर्षाच्या आत एकाच हातानं सगळं करतं, नऊ महिन्यांपर्यंत बसत नाही, किंवा अंग फारच कडक नाही तर फारच ढिलं आहे, तर 'मुलगे उशिरा चालतात' असं म्हणून थांबू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगितलं तर त्या पथकाला दाखवता येतं आणि पुढची चिठ्ठी मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीही आहे आणि सिकलसेलही, तेव्हा प्रमाणपत्र काढायला लाजू नका. आणि मी मघाशी बरगडीवरच्या दाबाचं बोलले म्हणून घरी कुणी करून बघू नका. ताप असेल, हाडं ठिसूळ असतील, हृदयाचे काही आजार असतील, तर हा उपचार करत नाहीत. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. तपासल्याशिवाय हे कळत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या, तेव्हा त्या मुलाच्या घरी मी पहिल्यांदा 'गेले', मोबाइलच्या पडद्यावरून. रेंज यायची-जायची. पडवीत धानाची कणगी, तिला धरून तो उभा. उंबरठा इतका उंच, की माझ्या खोलीतल्या सपाट फरशीवर मी चार वर्षं काय शिकवत होते असं मला वाटलं. आई म्हणाली, "मॅडमजी, हे बघा," आणि तिनं त्याला उंबरठ्यावर बसवून पाय पलीकडे टाकायला लावले. ते मी शिकवलं नव्हतं. मी तिची माफी मागितली, रोवणीच्या वेळच्या बोलण्याबद्दल. तिला तो प्रसंग लक्षात होता की नाही, कळलं नाही. रेंज गेली.

तो आता दहा वर्षांचा आहे. वॉकर घेऊन शाळेत जातो, अक्षर मोठं आणि वाकडं काढतो, गणित आवडतं. गेल्या हिवाळ्यात दोघं खुब्याचा एक्स-रे दाखवायला आले होते. खुबा जागेवर आहे. खोलीत दुसरं एक लहान बाळ उपचाराच्या वेळी मोठ्यानं रडत होतं आणि त्याची आई रडकुंडीला आली होती. या मुलाची आई उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "पाणी पिऊन घे आधी. मग कर."